सुवर्णदुर्ग पाहून मंडणगडला: सुभेदारांचं एक राहून गेलेलं काम

सुवर्णदुर्गाला जायचं तर आता फार विचार करावा लागत नाही. रस्ते झालेत, हर्णैला राहायची सोय झालीय. मी गेलो ते एकोणीसशे शहाऐंशीच्या जानेवारीत, एसटीने. तेव्हा मी रत्नागिरीच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. वाचनालयात ‘युद्धनीती’ या विषयावर व्याख्यान द्यायचं मी कबूल केलं होतं, आणि ज्या किल्ल्यांवर बोलणार त्यातला एकही जलदुर्ग मी आतून पाहिलेला नव्हता. त्याची लाज वाटली म्हणून निघालो.

सोबतीला शेजारचे कदम सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. मी विचारल्यावर म्हणाले, “येतो, सर. पण परतताना मंडणगडवरून येऊ. तिथे जवळच एका गावात माझं काम आहे.”

“कसलं काम?”

“जाताना सांगेन.”

सकाळच्या गाडीने निघालो. चिपळूणला चहा आणि बटाटेवडा, मग परशुरामचा घाट, खेड, आणि तिथून दापोलीची चढण. गाडी घाटात अशी हळू चालायची की खिडकीतून आंब्याचा मोहोर निवांत बघून व्हायचा. दापोलीच्या एका खाणावळीत सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी असं जेवलो. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव रंगात आला होता. पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या होड्यांतून मासळी भरून आणत होत्या. रात्रीपुरती एका ओळखीच्या घरात पडवी मिळाली.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: होडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि तो म्हणेल तीच वेळ खरी माना. आमचा होडीवाला म्हणाला होता, “पाणी आपल्या घड्याळानं चालत नाय.” आम्ही उशीर केला आणि गुडघाभर पाण्यात उतरून चालत जावं लागलं. चपला हातात धरा, खडकावर कालवं, म्हणजे चिकटलेले धारदार शिंपले असतात, पाय कापतात.

दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती आहे. आत झाडी माजलेली, पण तट अजून ताठ उभा. मी वहीत नोंदी करत सुटलो. इथून तोफेचा मारा, तिथून शत्रूची गलबतं. सुभेदार मात्र विहिरी बघत फिरत होते. “एवढ्या पाण्यात किती माणसं किती दिवस तग धरतील, ते आधी बघायचं,” ते म्हणाले. “तोफा नंतर.” माझ्या व्याख्यानात पाण्याचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता. मी तो तिथेच बसून घातला.

मग पश्चिमेकडच्या तटावर आम्ही पोहे खायला बसलो. वारा छान होता. व्याख्यानाला उपयोगी पडेल म्हणून मी सहज विचारलं, “सुभेदार, जखमी शत्रूवर हत्यार उचलायचं नाही, त्याची काळजी घ्यायची, हे नियम प्रत्यक्ष लढाईत पाळतात का हो?”

त्यांनी हातातली पुडी खाली ठेवली.

“एकाहत्तरला मी हवालदार होतो,” ते म्हणाले. “पूर्वेच्या आघाडीवर. आम्ही एक मोर्चा घेतला होता. समोर त्यांचा एक जवान पडलेला, पोटात गोळी. पाणी मागत होता. माझ्या हाताखाली गणपत म्हणून होता, मंडणगडकडचा. तो म्हणाला, हवालदारसाहेब, देऊ का? मी म्हटलं, दे. तो वाकला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. उठताना बाजूच्या झाडीतून गोळी आली.”

मी वही मिटली.

“झाडी साफ झाली आहे की नाही, हे आधी बघायला हवं होतं. ती चूक माझी. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं, चढाई करताना गेला असं लिहा. घरच्यांना बरं वाटेल म्हणून. शत्रूला पाणी पाजताना गेला म्हटलं तर गावात काय बोलतील, कोणास ठाऊक. चौदा वर्षं झाली. त्याच्या बायकोला, वहिनींना, खरं सांगायचंय. एकट्याने जायचा धीर झाला नाही.”

म्हणजे किल्ला माझ्यासाठी होता आणि सोबत त्यांना हवी होती.

दुसऱ्या दिवशी दापोलीहून मंडणगडची एसटी. मंडणगडला उतरून दीड तास डोंगरातली पायवाट. कातळ, करवंदीच्या जाळ्या, मधेच शेतात भाजावळीसाठी, म्हणजे जमीन भाजायला पसरलेला पाला. घरं बहुतेक बायकांची आणि म्हाताऱ्यांची, पुरुष मुंबईला. गणपतचं घर वाडीच्या टोकाला होतं. भिंतीवर गणवेशातला फोटो, त्याला ताजा हार. गणपतच्या पत्नी शेवंतावहिनींनी पाणी दिलं, घावणे आणि चहा केला. दहावीतली मुलगी वनिता दाराशी उभी होती. बाप गेला तेव्हा ती रांगत होती.

“शाळेत दर सव्वीस जानेवारीला हीच भाषण करते,” वहिनी म्हणाल्या. “बाबांनी चढाई कशी केली त्याचं. यंदाही करणार हाय.”

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे काही सांगणार नाहीत. पण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सगळं, क्रमाने, स्वतःची चूकसुद्धा. शेवटी म्हणाले, “वहिनी, परवानगी मी दिली होती. आणि खोटंही मीच लिहायला लावलं.”

वनिताचा चेहरा उतरला. मग वहिनींनी विचारलं, “त्या माणसाला पाणी मिळालं का?”

“मिळालं. तो जगला. आमच्याच इस्पितळात नेला त्याला.”

वहिनींनी पदराने डोळे पुसले. “भावजी, ते असेच व्हते,” त्या म्हणाल्या. “चढाईचं ऐकताना मला ते कोणी दुसरेच वाटायचे. म्हणून मी हिचं भाषण ऐकायला कधी गेले नाय.”

“आणि चूक?” सुभेदारांनी विचारलं.

“ती तुमची हाय. नाय कशी म्हणू? पण तुम्ही इथवर आलात. जेवून जा.”

“मग मी भाषणात काय सांगू?” वनिताने विचारलं. आवाजात राग होता.

“झालं तसं सांग,” आई म्हणाली.

आम्ही जेवलो. कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, भाजलेला सुका बांगडा. इतकं चवीचं जेवण त्या सगळ्या प्रवासात दुसरं नव्हतं. उतरताना सुभेदार माझ्या पुढे चालत होते आणि मधूनच करवंदीच्या पानांना हात लावत होते. मंडणगडच्या स्टँडवर गाडी दोन तास उशिरा आली. त्या दोन तासांत ते गणपतच्या खोड्यांबद्दल बोलत होते, आणि हसत होते.

रत्नागिरीला परतल्यावर व्याख्यान ठरल्याप्रमाणे झालं, बरं झालं. पुढे फेब्रुवारीत सुभेदारांना वनिताचं कार्ड आलं. ते त्यांनी मला वाचायला दिलं. भाषणानंतर काही जण म्हणाले, शत्रूला कशाला पाणी. तिने पुढे लिहिलं होतं, “आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.”

मी पुढे खूप वर्षं लढाया शिकवल्या. वेढा कसा घालतात, रसद कशी तोडतात, हे मुलांना आवडतं आणि ते समजायलाही हवं. त्यानंतर मी गणपतची हकिगत सांगायचो. दरवर्षी एखादा तरी विचारायचा, “सर, तुम्ही तिथे असता तर परवानगी दिली असती का?”

मी सांगायचो की मला माहीत नाही. आधी झाडी नीट बघायला सांगितली असती, एवढं नक्की.