मामाचा डावा हात

असं काही लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण मामाबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

आई आणि मी देवगाव रंगारीला मामाकडंच राहिलो. मामा भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. गेल्या पावसाळ्यानंतर त्याला लकवा झाला, डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत होता, पण ढोलकीचा घुमणारा आवाज डाव्या हाताचा. तो नसला की नुसती टकटक उरते. त्याला जयंतीला पार्टीत बसायचं होतं. दुसरं काही तो मागत नव्हता.

कॉलेजच्या शहरात, शहागंजजवळच्या माझ्या खोलीत मित्राच्या लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर होतं. मामाच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये जिथं डावा ठोका एकटा सापडला, तिथून तो मी कापून घेतला. अशा सुट्या ठोक्याला सॅम्पल म्हणतात. बहुतेकांच्या मागं टाळ्या नाहीतर कुणाचं तरी खोकणं होतं. बरे निघाले ते मांडून ठेका केला आणि मोबाइलमध्ये घालून संक्रांतीला गावी नेला.

स्पीकरवर ठेका लावला. मामा उजव्या हातानं वाजवत गुणगुणू लागला. एका ओळीनंतर तो दम घ्यायला थांबला. ठेका मात्र पुढं चाललाच.

"थांबव त्याला," मामा म्हणाला. "लकव्यात हात माझं आयकंना, अन् मोबाइलात घातला तरी आयकंना!"

मामी चुलीपासून म्हणाली, "तुमचाच हाय. कुणाचं आयकल त्यो?"

मग मोबाइलवर ठोके वाजवायचं एक ॲप घेतलं, पण लॅपटॉपवरचा तो ठेका ते जसाच्या तसा घेईना. म्हणून एकेक ठोका पुन्हा वेगळा काढला आणि ॲपमधल्या चौकोनांवर बसवला. चौकोन दाबला की ठोका पडतो. पुढच्या खेपेला माझा जुना मोबाइल मामाच्या उजव्या पायाशी ठेवला.

"पायानं? वाद्याला पाय लावत नसतेत, भाचेबुवा."

"मामा, दुसरं काय हाय आपल्याकडं?"

 मामानं वाकून मोबाइलला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि पायाचा अंगठा चौकोनावर ठेवला. सुरुवातीला दोन-दोन चौकोन एकदम दाबले जायचे. संध्याकाळपर्यंत मात्र तो थांबेल तिथं ठोका थांबायला लागला. मामी चूल सोडून दारात येऊन उभी राहिली.

पार्टीचा गायक ऐकायला आला. "दादा, जयंतीला या. जागा ठिवतो तुमची."

"जरा मोठी ठिव," मामा म्हणाला. "आता पाय बी साथीला हाय."

मोबाइल त्याच्यापाशी ठेवून मी परतलो. मामा रोज सराव करतो, असं आई फोनवर सांगायची. जयंती जवळ आली होती, माझी प्रॅक्टिकल सुरू होती. एक दिवस लॅबमधून बाहेर आलो, तर आईचे बरेच फोन येऊन गेलेले. मी लावला. 

आई म्हणाली, "मामाला सकाळी दुसरा झटका आला रं. जिवाला धोका नाय म्हणतेत डॉक्टर. पर या खेपेला उजवी बाजू गेली."