चाळीस मात्रांची शांतता

ताईचा धाकटा भाऊ परदेशात मोठा पियानोवादक आणि संगीतकार म्हणून गाजत होता, आणि त्याला चाळीसपर्यंत मोजता येत नव्हतं. हे जगात फक्त ताईला ठाऊक होतं.

दुखणं लहानपणापासूनचं. ताई ज्या शाळेत संगीत शिकवायची, तिथल्याच पियानोवर तिने त्याला बसवलं. त्या पियानोच्या दोन पट्ट्या कायमच्या मुक्या झालेल्या. बोटं सोन्याची होती पोराची, खोटं कशाला बोला! पण मध्ये थांबायची वेळ आली की गडी उतावळा. आठ मात्रा थांब म्हटलं की पाचव्यालाच उडी. मग ताई शेजारी बसून त्याच्या पावलावर पाऊल ठेवायची आणि वेळ झाली की उचलायची. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, साहेब परदेशी गेले, आणि दहा-बारा वर्षं नाचाच्या क्लासांत नि हॉटेलांत वाजवत राहिले. तिथे थांबायचं कामच नसतं, म्हणून निभावलं.

मग त्याला अक्कल सुचली. जे जमत नाही तेच विकायला काढलं. रचनेत मध्येच लांबलचक शांतता पेरायला लागला आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. एकटा वाजवायचा तोवर ठीक होतं, शांतता लांबली काय नि आखडली काय, विचारतो कोण? पण मान वाढला तसे सोबतीला व्हायोलिन वगैरे वाजवणारे चौघे आले, आणि ते मेले मोजायचे! तेव्हा बहिणीची आठवण झाली. दोन महिन्यांसाठी ये म्हणाला. त्याला सहा वर्षं झाली.

ताई काळे कपडे घालून पियानोच्या डाव्या बाजूला बसायची, स्वरलिपीची पानं उलटायला. वादकाने मान हलवायची आणि शेजारच्याने पान उलटायचं, असा सगळीकडचा रिवाज. यांच्याकडे उलटी गंगा. ताईचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर टेकलेला असायचा. तिने तो उचलला की महाशय वाजवायला लागायचे. आणि घरी पाहुण्यांना सांगायचा, ताईला संगीतातलं काही कळत नाही, पण कागद नीट सांभाळते. ताई चहाचे कप गोळा करत मनात म्हणायची, लाज कशी वाटत नाही रे तुला.

सहा वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली. मोठ्या सभागृहात नवी रचना व्हायची होती. माहितीपत्रकात एवढी एक ओळ घाल म्हणाली, पहिले धडे थोरल्या बहिणीकडे घेतले म्हणून. शाळेतल्या जुन्या बायकांना पाठवायचं होतं तिला, दुसरं काय? तो म्हणाला, एवढंच ना, घातली म्हणून समज.

रविवारी दुपारी कपडे बदलायच्या खोलीत ते पत्रक तिच्या हाती पडलं. अर्धं पान त्याचा फोटो, हनुवटीखाली हात. खाली छापलं होतं, संगीताचा गंधही नसलेल्या घरात वाढून, कुणीही न शिकवता. तिने विचारलं तर आरशातूनच म्हणाला, लोकांना असलीच गोष्ट आवडते, तू कशाला मनाला लावून घेतेस. त्याच्या कोटावरचा एक धागा तेवढा तिने उचलून टाकला.

रचना सुरू झाली आणि चाळीस मात्रांची ती शांतता आली. पाचही जण थांबले. समोरची मंडळी डोळे मिटून देवापुढे बसल्यासारखी बसलेली. ताई मोजत होती, सवय जाते थोडीच. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. अंगठा जागचा हलला नाही.

चौघांनी गज उचलले. पण याचे हात हवेतच. रचना त्याचीच, त्याला अजून थांबायचं असेल, असं समजून तेही गज वर धरून थांबले. भावाने आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. कपाळावरून घाम निथळायला लागला. ताई पानाकडे बघत राहिली. शेवटी त्याचे हात अवघडले आणि धाडकन पट्ट्यांवर पडले. चौघांनी त्यावरच सुरुवात केली.

टाळ्या थांबेनात. मूर्खांचा बाजार सगळा!

आतल्या खोलीत त्याच्या रचना छापणारा प्रकाशक डोळे पुसतच आला. एवढी मोठी शांतता कुणी धाडसाने ऐकवलीच नव्हती म्हणे. अशीच छापायची आणि पुढच्या रविवारी अशीच वाजवायची. भावाचा पांढरा पडलेला चेहरा हळूहळू खुलला. दोन मिनिटांत त्याची स्वतःचीही खात्री पटली की हे आपणच केलं. प्रकाशकाने पेन्सिल काढली आणि मात्रा विचारल्या. चौघांनी खांदे उडवले, चाळीसनंतर त्यांनी मोजणं सोडलं होतं.

भाऊ खुर्चीतूनच ताईकडे वळला आणि आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "ताई, किती झाल्या गं?"

एकशे तीन. आकडा तिच्या जिभेवर तयार होता. तिने कागदांचा गठ्ठा नीट जुळवला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"मोज की," ती म्हणाली, आणि खुंटीवरचा आपला कोट काढून घेऊन बाहेर पडली.