सरांच्या कमरेची डबी

ताई माझा फोन उचलत नाही याला तीन आठवडे झाले. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी नागपूरला फोन लावते, रिंग शेवटपर्यंत वाजते, आणि मग मी मुकाट गाडीत बसते. भांडली असती तर बरं झालं असतं. माझी ताई भांडायला लागली की शेजारच्या फ्लॅटमधले लोक टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतात. पण या वेळी ती भांडलीच नाही. आणि हे सगळं कुणामुळे? ज्या माणसाला मी माझ्या घरात चार दिवस गरम गरम वाढलं, त्याच्यामुळे. तळतळाट लागेल मेल्याला, असं रोज एकदा तरी म्हणते मी.

तो गायक मुळात ताईचा. आम्ही शाळा-कॉलेजात होतो तेव्हा त्याची पॉप गाणी घराघरात वाजायची. लांब केस, अंगात चामड्याचं जाकीट. नागपुरात मे महिन्यात लोक घामानं हैराण झालेले असायचे आणि हा टीव्हीवर जाकीट घालून नाचायचा. बाबा त्याला 'तो झिपऱ्या' म्हणायचे. ताईनं त्याचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, म्हणजे बाबांना दिसायला नको. बाबांना तो पहिल्याच दिवशी दिसला होता. ते काही बोलले नाहीत, एवढंच.

नंतर तो गायक गायबच झाला. आजारी आहे म्हणायचे, कुणी काय, कुणी काय. आता साठी ओलांडल्यावर तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी त्याचा दौरा ठरवला, आणि एक दिग्दर्शक बाई त्या सगळ्या दौऱ्याची फिल्म करायला कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर निघाल्या. थकलेला गायक परत गायला लागतो, अशी ती फिल्म.

आमच्याकडे मंडळाचा पाहुणा कलाकार हॉटेलात उतरत नाही, कुणाच्या तरी घरी उतरतो. त्यावरून काय हेवेदावे चालतात ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्न गावच्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि मी दुसऱ्या मिनिटाला लिहिलं, 'सर आमच्याकडे.' मला त्या माणसाचं काहीसुद्धा कौतुक नव्हतं. मला फक्त ताईला फोन करून सांगायचं होतं की तुझा झिपऱ्या माझ्याकडे राहायला येतोय. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काही वेडंवाकडं करून घालू नको त्याला. गोळाभात कर. मी सांगते तसा कर."

आले एकदाचे. केस पांढरे, गुडघे गेलेले, तरी माणूस मोठा गोड. आल्या आल्या मला वहिनी म्हणायला लागले. पायऱ्या चढताना माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला तर हा आठवडाभर तो खांदा सगळ्यांना दाखवत फिरला. दिग्दर्शक बाई रोज नाश्त्यालाच सरांच्या कॉलरला बारका माइक लावायच्या. त्याची डबी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला असायची, तिला एक बटण. पहिल्याच दिवशी सरांनी मला ते बटण दाखवलं. "वहिनी, हे दाबलं की माइक बंद. मग मी काय वाट्टेल ते बोलायला मोकळा." आणि खरोखरच, गुडघ्याबद्दल कण्हायचं असलं, आधीच्या गावच्या मंडळाला चार शिव्या घालायच्या असल्या, की हात आधी कमरेला जायचा. टक्. मग शिव्या. आम्ही पोट धरून हसायचो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक कागद पुढे केला. घरात शूटिंग होणार, तुम्ही दिसाल, तुमचा आवाज येईल, त्याला तुमची परवानगी, वगैरे. तीन पानं बारीक अक्षरात. मी पोळ्या लाटत होते. हाताला कणीक, तशीच सही करून टाकली. कॉलेजमधून घरी आलेली माझी मुलगी बघत होती. "आई, डिड यू ईव्हन रीड इट?" मी म्हटलं, "पानावर बसलेल्या पाहुण्यासमोर कागद वाचत बसू? काय म्हणतील ते!" ऑफिसात मी दुसऱ्यांची कॉन्ट्रॅक्टं ओळ न् ओळ तपासते, बरं का. तोच माझा पगार आहे.

आता ते सांगते, जे सांगायला जीभ उचलत नाही.

बारा वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला. आठ महिने ते अंथरुणात होते. आई आधीच गेलेली, म्हणजे सगळं ताईवर. आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं, सगळं. ती रोज विचारायची, कधी येतेस? मी सांगायचे, स्टँपिंग अडकलंय. इथं नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांचा पासपोर्टवरचा शिक्का संपला की भारतात जाऊन नवा घ्यावा लागतो, आणि तो तिकडे अडकला की इथली नोकरी जाते. हे इतक्या जणांचं इतक्या वेळा झालंय की 'स्टँपिंग' म्हटलं की तिकडे कुणी पुढे विचारत नाही. ताईनंही विचारलं नाही. उलट माझा व्हिसा व्हावा म्हणून तिनं संकष्टी धरली. बाबांचं सगळं उरकून दिवसभर उपाशी राहायची आणि चंद्र दिसल्यावर जेवायची.

माझा व्हिसा कपाटात होता. चांगला दोन वर्षं शिल्लक.

बाबा गेले, आणि मी तेराव्याला पोचले. ताई गळ्यात पडून म्हणाली, "पावला गं गणपती. निदान तेराव्याला तरी सोडलं तुला त्या लोकांनी." पावला म्हणून तिनं संकष्टी जन्मभरासाठी धरली. दर वर्षी नागपूरला जाताना मी विमानात ठरवायचे, या वेळी सांगायचं. मी सांगणार होते हो. पण पोचले की तिनं उशा उन्हात घालून ठेवलेल्या असायच्या, माझ्यासाठी सांडगे केलेले असायचे, आणि मी भेकड, पुढच्या वर्षी म्हणून परत यायचे.

तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बाई शाळेच्या ऑडिटोरियमला लाइट्स बघायला गेल्या होत्या. घरात मी आणि सर, दोघंच. गोळाभात करत होते, म्हणून ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सरांच्या हातात दिला. ताईनं ठेवणीतली साडी नेसली होती. तिकडे संध्याकाळचे सात, तर ही हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नटलेली! सर म्हणाले, "काय ताई, कशा आहात?" आणि माझी बोलकी बहीण चक्क लाजली. हसत होती नुसती. मग सावरून म्हणाली, "माझ्या बहिणीकडे पोटभर जेवा. बिचारीनं फार सोसलंय. बाबा गेले तेव्हा व्हिसावाल्यांनी तिला सोडलं नाही. शेवटचं तोंड बघता आलं नाही हो तिला."

माझा हात पातेल्यातच थांबला.

फोन ठेवल्यावर सरांनी अगदी हळू विचारलं, "काय झालं होतं वहिनी?" अकरा वर्षांत कुणी मला असं विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचा हात कमरेला गेला. टक्. मला वाटलं, काय देवमाणूस आहे, माझं कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून माइक बंद केला. तिथंच मी फुटले. "सर, व्हिसा माझ्या कपाटात होता," म्हणाले. "मी ताईशी खोटं बोलले. मला जायचंच नव्हतं. गेले असते तर मलाही त्यांचं करावं लागलं असतं, त्या खोलीत बसावं लागलं असतं. मला किळस वाटत होती, सर. माझ्या बापाची." हे तोंडातून गेल्यावर मी खाली बसून रडले. सरांनी डोक्यावर हात ठेवला. "मोकळ्या झालात, बरं झालं." मग ते जेवले. भात दुसऱ्यांदा घेतला.

त्या दिवशी कार्यक्रमात, शेवटच्या गाण्याच्या आधी ते म्हणाले, "हे गाणं, ज्या लेकी वेळेवर घरी पोचू शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी." पहिल्या रांगेत बसून मी पदरानं डोळे पुसले. माझ्यासाठी म्हणतायत, आपलं गुपित जपून म्हणतायत, असं वाटलं. काय मूर्ख बाई असेल मी!

वर्षभरानं ती फिल्म टीव्हीवरच्या एका अ‍ॅपवर आली. ताईनं शेजारच्या चौघीजणी बोलावल्या, चिवडा केला, 'माझी बहीण दिसणार' म्हणून जिन्यात सगळ्यांना सांगितलं. आम्ही दोघींनी एकाच वेळी लावायची असं ठरवलं. तिकडे संध्याकाळ, इकडे शनिवारची सकाळ. फोन स्पीकरवर ठेवला. तिचा टीव्ही माझ्यापेक्षा थोडा मागे होता. मी पोळ्या लाटताना दिसले तेव्हा मी आधी हसले, आणि मग फोनमधून त्या सगळ्या जणी हसल्या. ताई ओरडली, "काय गं, केस तरी विंचरायचे होतेस!"

पुढच्या दृश्यात सर खिडकीबाहेर बघत उभे होते. बाहेर आमच्या मागची डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत. आणि त्यावर माझा आवाज आला. "सर, व्हिसा माझ्या कपाटात होता."

मी किंचाळले, "ताई, बंद कर! टीव्ही बंद कर!" ती म्हणाली, "काय झालं? बघू तर दे गं." आणि मग फोनमधून, नागपूरच्या हॉलमधून, तोच माझा आवाज मला परत ऐकू आला. पूर्ण. किळस या शब्दापर्यंत. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, सगळ्या जगाला कळायला. तिकडून एक बाई म्हणाली, "अगं, ही तुझी बहीणच ना?" फोन बंद झाला.

मी दिग्दर्शक बाईंना फोन लावून तोंडाला येईल ते बोलले. मग डोकं जरा शांत झाल्यावर विचारलं, माइक चालू होता, तर त्याआधीचा ताईचा कॉल का नाही घेतला? ती नटून बसली होती, हसत होती, तो तर फिल्मला किती छान होता! बाई म्हणाल्या, "कुठला कॉल? माझ्याकडे त्या सकाळचं तुमच्या त्या वाक्यापासूनच आहे. आधी माइक बंद होता."

तेव्हा मला कळलं. माइक आधीपासूनच बंद होता. मी रडवेली झालेली बघून सरांनी कमरेला हात लावला तो चालू करायला. टक् ऐकून मी ज्याला देवमाणूस म्हटलं, त्यानं ते टक् माझ्यासाठी वाजवलंच नव्हतं.

त्यांना फोन केला. उचलला, हे विशेष. मी म्हटलं, "तुम्ही त्याच सकाळी माझ्या बहिणीशी बोलला होतात. तिचा चेहरा बघितला होतात. तरीही?" ते तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्या फिल्मचा प्राण आहात. लोक रडतात हो तिथं. माझ्या गाण्याला नाही रडत कुणी आता." मी म्हटलं, "खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंत." त्यावर ते म्हणाले, "सही तुमचीच आहे ना पण." मी फोन ठेवला. ज्या कपात ते चहा प्यायचे तो मी कचऱ्यात टाकला, आणि मग बाहेर काढून फोडून पुन्हा टाकला.

ताईला मी फसवलं. त्यानं नाही, मी. हे मला कुणी सांगायला नको. पण तिच्या पायाशी बसून, तिच्या दोन थपडा खाऊन ते सांगणं माझं होतं. तेवढं एक माझ्याकडे शिल्लक होतं, आणि ते त्या माणसानं माझ्याच स्वयंपाकघरातून उचलून नेलं. मुलगी म्हणते, "आई, जस्ट गो. फ्लाय." आता कुठलाच शिक्का आड येत नाही, आम्ही कधीचे इथले नागरिक झालो. तिकीट बघून ठेवलंय. पण ती दार उघडेल का, ते माहीत नाही.

आज सकाळी उठले तर फोनवर ताईचा मेसेज होता. तीन आठवड्यांत पहिला. नागपूरच्या दुपारी दीड वाजता पाठवलेला. उघडला. शिवी नव्हती, प्रश्न नव्हता. एवढंच होतं:

'आज संकष्टी. मी आत्ताच जेवले.'