दोन्हीकडं बराबर

निवृत्तीनंतर संगणक शिकू लागलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न विचारण्याचा फार संकोच वाटतो. डोंगरकडा गावच्या वाचनालयातील सामायिक ड्राइव्हवर मी जवळच्या तांड्यावरील एका म्हातारीची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. त्यांची प्रत रोज आपोआप माझ्या संगणकावर उतरावी, अशी सोय तिथल्या ऑपरेटरबाई करून देत होत्या.

"सर, दोन्हीकडं बराबर ठेवू ना?"

"हो, बराबर ठेवा."

मला 'नीट' असे म्हणायचे होते. त्यांनी 'सारखे' असे ऐकले.

पुढे कोणीतरी जागा मोकळी करताना ड्राइव्हवरची गाणी पुसली. त्याच संध्याकाळी माझ्या संगणकानेही, शिकवल्याप्रमाणे, आपल्याकडची पुसून टाकली. मला काहीच कळले नाही.

म्हातारी वारल्यावर तिची लेक घरी आली. "मायचा आवाज तुमच्यापाशी हाय म्हणं. लेकरायला न्यायचा हाय."

मी फोल्डर उघडले. ते रिकामे होते. ऑपरेटरबाईंना फोन केला. ड्राइव्हवरही काही नव्हते.

"काहून थांबून राहिले, सर? लावा की," लेक म्हणाली, आणि पदर सावरून पडद्याजवळ सरकली.