सिलीपाटाचा झोका

रुंद रुळांचं काम सुरू झालं आणि जुन्या रुळांखालचे लाकडी सिलीपाट विकायला निघाले, त्या वर्षी आमच्या शाळेला झोका मिळाला. मी तेव्हा कनेरगाव नाक्यापासून आत असलेल्या एका तांड्यावर शिकवत होते. दोन खोल्या, एक मोठा लिंब आणि पुढं मोकळं मैदान, एवढीच शाळा. माझी चार वर्षांची लेक माझ्याबरोबर यायची आणि पहिलीच्या पोरांत बसायची.

तांड्याच्या नाईकांनी घराच्या आढ्यासाठी सिलीपाट आणले होते. उरलेले त्यांनी शाळेला दिले. "शहरातल्या लेकरायलाच काहून झोके? आपले लेकरं काय कमी हायेत?" असं म्हणत त्यांनी सुताराकडून झोका, सी-सॉ आणि चढायची शिडी करून घेतली. ते सगळं उभं राहिलं त्या दिवशी मधली सुट्टी संपलीच नाही. नाईक स्वतः एकेका पोराला उचलून झोक्यावर बसवत होते. त्यांची नात दुसरीत होती. तिचा नंबर त्यांनी सगळ्यात शेवटी लावला.

हिवाळा मजेत गेला. होळीनंतर ऊन तापायला लागलं, तसं लाकूड पाझरायला लागलं. काळं, चिकट तेल वर यायचं आणि त्याचा उग्र वास थेट वर्गात घुसायचा. पोरांचे तळवे काळे, चड्ड्या काळ्या. घरोघरी आया राखेनं घासून थकल्या.

एका संध्याकाळी अंघोळ घालताना पाणी लागताच लेक किंचाळली. "आई, झोका चावतो," ती म्हणाली. मांड्या लालभडक झाल्या होत्या आणि त्यांवर बारीक फोड होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना हात पुढं करायला सांगितलं. कुणाची कातडी सोलली होती, कुणाचे तळवे सुजले होते.

"अरे, कुणी बोललं कसं नाही?"

सगळ्यांनी हात पाठीमागं नेले. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी झोका बंद केला असता ना, बाई."

लेकीला घेऊन मी हिंगोलीला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिचा फ्रॉक नाकाशी नेला आणि विचारलं, "ही रेल्वेच्या लाकडावर खेळते का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. वाळवी लागू नये म्हणून ते लाकूड कोळशाच्या डांबरातून काढलेल्या तेलात मुरवलेलं असतं. ते अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजते. "हे फोड बरे होतील. पण वर्षानुवर्षं लागत राहिलं तर मोठं दुखणं होऊ शकतं. आणि ते लाकूड चुलीत घालू देऊ नका. धूर त्याहून वाईट."

नाईकांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी शाळा सुटल्यावर गेले. ऐकून त्यांचा चेहराच पडला.

"म्हंजी मीच लेकरायला इख देल्लं म्हन्ता का, बाई?"

"तसं नाही हो नाईक. तुम्हाला काय, मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"माझ्या घराचं आढं त्याचंच हाय की."

"आढ्याला कुणी हात लावत नाही, त्यावर ऊनही पडत नाही. लेकरं तर उघड्या मांड्यांनी बसतात."

तेवढ्यात त्यांची बायको नातीला हाताला धरून बाहेर आली आणि तिची मूठ तिनं नवऱ्यासमोर उघडली. "परवापासून हिला भाकर मोडता येऊन न्हाई राहिली. आजाला वाईट वाटंल म्हनून मला बी सांगू देईना."

नाईकांनी नातीचा तळवा कितीतरी वेळ आपल्या हातात धरून ठेवला. मग पागोटं डोक्यावर ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माणसं आली. मी सगळ्यांच्या हाताला गोणपाट बांधायला लावलं. सिलीपाट उखडले, खालची काळी माती खरवडून नेली, वर मुरूम टाकला. लाकडाचे तुकडे चुलीसाठी न्यायला बाया आल्या होत्या. त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी विहिरीपासून लांब, माळावरच्या बांधाला ते खुंट म्हणून पुरले.

पोरांची तोंडं उतरली होती. पण आठवडाभरातच नाईक जाडजूड दोरखंडाचे सोल घेऊन आले. लिंबाच्या फांदीला ते बांधले, खाली बाभळीची फळी अडकवली आणि ती फळी आपल्या धोतराच्या सोग्यानं दोन-तीनदा पुसली. या वेळी नातीला पहिला मान मिळाला. लेकीच्या मांड्यांवर तोवर नवी कातडी आली होती. तीही रांगेत घुसली.

सुट्टी संपायला आली तेव्हा नाईक माझ्याकडे वळले. "आता तुमी बसा, बाई."

"अहो, मी काय!"

"बसा हो. लेकरं झोका देतेत."

पदर खोचून मी बसले. पोरांनी असा काही जोर लावला की माझी एक चप्पल उडून थेट शाळेच्या पत्र्यावर पडली. ती काढायला शिडी शोधण्यात गणिताचा तास गेला.