दंडावरचा पट्टा

मंगळवारी सकाळी माझी बायको, सुधा, गेली. त्याला आता महिना झाला.

काल डॉक्टर म्हणाले, "काका, असं दुःख हृदयावर येतं. रोज बीपी बघत जा." मशीन घरात होतंच. दंडावर पट्टा सुधाच बांधायची. मी पेपरातली बातमी वाचून दाखवू लागलो की म्हणायची, "अहो, गप्प बसा जरा. बोललं की आकडा वाढतो."

आज पट्ट्याचं टोक दातांत धरून मीच बांधला. पट्टा फुगला, सैल झाला. तेवढ्या वेळात मी एक शब्दही बोललो नाही. आकडा तरीही वाढलेलाच होता. ऐकणारं कुणी नाही, हे हृदयाला कुठून कळतं?

पेपराची घडी मोडलेली नाही. घरात आता मी आहे आणि हे मशीन आहे.