गोधडी कोणी शिवली

माझ्या ओळखीच्या माणसांपैकी हे एकट्या नलूबाईंना ठाऊक आहे, आणि त्या कुणाला सांगणार नाहीत. मीही सहा वर्षांत तोंड उघडलेलं नाही. आज तुमच्यासमोर बसलो आहे. कसं जमेल कोण जाणे, पण सांगतो.

मी गणिताचा मास्तर. बाळापूरच्या शाळेत तीस वर्षं काढली, रोज अकोल्याहून ये-जा करून. पोरं मला घाबरायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. निवृत्त झालो आणि दीड वर्षात कुमुद गेली. माझी बायको. जठारपेठेतल्या घरात तीन खोल्या आणि मी, एवढंच उरलं. मुलगी संगीता अमरावतीला, सासरी. ती फोनवर म्हणायची, बाबा, काहीतरी छंद लावून घ्या. शब्दकोडी करा, कुंड्या लावा. शब्दकोडं वीस मिनिटांत संपायचं. कुंड्यांतली रोपं मे महिन्यात वाळून गेली.

मग एका दुपारी कुमुदचं कपाट उघडलं. आत एक अर्धवट गोधडी होती, तिच्यात सुई तशीच टोचलेली. सुई काढून ठेवावी म्हणून हात घातला आणि दोन टाके घातले. का घातले? आजही सांगता येत नाही. वाकडे पडले. उसवले, पुन्हा घातले. वर पाहिलं तर पाच वाजले होते. ती गेल्यापासून दुपार अशी माझ्या नकळत पहिल्यांदाच सरली.

त्या दिवसापासून रोज दुपारी जेवून ताट धुतलं की दार लावायचं, रेडिओ बारीक आवाजात सुरू करायचा आणि बसायचं. बाहेरून आत, चौकोनात चौकोन, टाक्याला टाका. गणिताच्या माणसाला याहून काय हवं? कुमुदची गोधडी पूर्ण झाली. मग तिच्या साड्या काढल्या. पहिली कापताना जीव तुटला. पण जांभळी, मोतिया, कैरी रंगाची, एकेक साडी हातात घेऊन दिवसच्या दिवस तिच्यासोबत काढायचे, हे सुख होतं. मी सुखी होतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं ते सुख लपवण्यासाठीच घडलं.

लपवायचं कशाला? तुम्ही विचाराल. आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक गट होता, पाच-सहा निवृत्त माणसं. त्यांतल्या एकानं एकदा सांगितलं, मी घरी पापड लाटतो, बरं वाटते. आम्ही त्याची इतकी टर उडवली की दुसऱ्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. सगळ्यांत जास्त मीच हसलो होतो. आता मीच सुई-दोरा घेऊन बसतो हे मी त्यांना सांगणार होतो का?

कोपरा मात्र जमेना. चारही कोपऱ्यांत कापड गोळा व्हायचं. गल्लीत समोर नलूबाई राहत. माळ्याच्या घरच्या, विधवा, सकाळी हार गुंफून देवळाबाहेर विकायच्या आणि दुपारी गोधड्या शिवायच्या. त्यांच्या भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्यांचे कोपरे मी चोरून पाहिले होते. एक दिवस वर्तमानपत्रात गुंडाळून माझी गोधडी घेऊन गेलो. त्या हसल्या नाहीत. टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाल्या, "सर, दोरा लय ओढून राहिले तुमी. कापडाले जरा सैल राहू द्या."

तीन दुपारी त्यांनी मागच्या अंगणात बसवून मला कोपरा शिकवला. बोटाला सुई लागते म्हणून स्वतःचं अंगुस्तान दिलं. निघताना मी म्हणालो, हे कुणाला कळू देऊ नका. त्या म्हणाल्या, "मी काहून सांगू? देला शब्द." आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मग संगीताला मुलगी झाली. बारशाला मी कुमुदच्या हिरव्या साडीची छोटी गोधडी घेऊन अमरावतीला गेलो. बायकांच्या घोळक्यातून ती हातोहात फिरली. संगीताच्या सासूबाईंनी कोपरा उलटून पाहिला आणि विचारलं, "इतकं बारीक काम कोणी केलं?"

एक क्षण. फक्त एक क्षण होता. जावई समोर उभा होता, त्याचे मित्र होते. मी म्हणालो, "आमच्या समोर राहतात त्या नलूबाईंनी."

इथंच थांबलं असतं तर? पण संगीतानं माझ्याकडे पाहिलं. ती साडी कुमुद संगीताच्या लग्नात नेसली होती. "बाबा, आईची साडी तुम्ही त्या बाईले देली?" मी म्हणालो, "पडून होती, बाई." सासूबाईंनी शेजारच्या बाईकडे बघून भुवया उचलल्या. ते मला दिसलं. संगीतालाही दिसलं.

महिन्याभरानं संगीता अकोल्याला आली आणि तिनं थेट कपाट उघडलं. अकरा साड्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात होतो. मी बाहेर येईपर्यंत ती गल्ली ओलांडून गेली होती.

नलूबाई ओट्यावर हार गुंफत होत्या. संगीता मोठ्यानं बोलत होती. माझ्या आईच्या साड्या परत द्या, आईला जाऊन धड दोन वर्षं नाही झाली, अजून काय काय नेलं आमच्या घरातून, आणि त्याच्या बदल्यात काय देता माझ्या बापाले? शेवटचं वाक्य तिनं उच्चारलं तेव्हा गल्लीतली तीन दारं उघडी होती.

नलूबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पलंगाखालच्या पेटीत कुमुदच्या साड्यांच्या सहा गोधड्या होत्या, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी फक्त म्हणायचं होतं की जा, बापाची पेटी उघड. त्या म्हणाल्या नाहीत. वाट बघत राहिल्या. मी बोलेन याची त्यांना खात्री होती—ती खात्री त्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि ती तिथून उतरताना मी पाहिली.

मी काय बोललो सांगू? "जाऊ दे संगीता. झालं ते झालं. घरी चल."

त्या एका वाक्यानं खोटं खरं झालं. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. बायका त्यांच्याकडे हार घ्यायला यायच्या बंद झाल्या. त्यांचा मुलगा नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात कामाला होता, त्याच्या कानावर गेलं. तो टेम्पो घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. सामान चढत असताना त्या माझ्या दारात आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"सर, शब्द मी देला होता. तुमी त कोणाले देला नव्हता. मंग तुमाले काहून बोलता नाई आलं?"

मी खाली बघत होतो. त्या वळल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

गेल्या वर्षी मी पत्ता काढून नांदगाव पेठेला गेलो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. नलूबाई खूप थकल्या आहेत. त्यांनी मला ओळखलं, "बसा सर," म्हणाल्या. सुनेला मी कोण ते ठाऊक नव्हतं. बिचारी सासूकडे हात करून आपणहून सांगू लागली, "आमच्या आत्या पहिले काय सुंदर गोधड्या शिवत. अकोल्याहून आल्या तशी सुई हातात घेतली नाई. दिवसभर नुसत्या बसून राहतात."

नलूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

मी म्हणालो, इकडे एका कामाला आलो होतो, सहज डोकावलो.

परतताना बसमध्ये मी स्वतःला समजावलं की सून समोर होती, कसं बोलणार? पण सून दोनदा आत गेली होती. एकदा साखर आणायला, एकदा बाळ रडलं म्हणून. दोन्ही वेळा खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि दोन्ही वेळा मी चहा पीत राहिलो.